मुलांच्या आडून मोठ्यांची झडती

खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तो पाळूनच सुरुवात करतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्या मोबाइलात अश्लील चित्रफितींपासून जुगारापर्यंत सगळे आहे. संकेतस्थळ 'तुमचे वय १८ पूर्ण आहे का?' असे विचारते, मूल 'हो'वर बोट ठेवते आणि आत जाते. दारूच्या दुकानात वय विचारलेले चालते, 'ए' प्रमाणपत्राच्या सिनेमाला चालते, मग इंटरनेटवर का चालू नये? ज्याला लपवायचे काही नाही त्याने एकदा ओळखपत्र दाखवावे आणि पुढे जावे. तेवढ्याने एक पिढी वाचणार असेल तर खासगीपणाचा बाऊ कशाला? ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून अश्लील मजकुरासाठी वयाची खातरजमा सक्तीची केली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने केंद्र सरकारला ऑस्ट्रेलियासारख्या कायद्याचा विचार करायला सुचवले, आणि जानेवारीत गोव्याचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी आपले सरकारही त्या दिशेने विचार करत असल्याचे सांगितले. पालकसभांत, अग्रलेखांत, वाहिन्यांवरच्या चर्चांत हाच सूर आहे. विरोध करणारा एक तर कंपन्यांचा हस्तक ठरतो, नाही तर ज्याला मुलेबाळे नाहीत असा कोणी.

यातली तक्रार मला मान्य आहे. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली, तेव्हा इन्स्टाग्राममुळे अनेक किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड वाढतो, हे कंपनीच्याच संशोधकांनी लिहून ठेवल्याचे जगाला कळले. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेत यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले. त्या प्रकरणातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आमचे व्यासपीठ सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी आहे, मुलांसाठी नाही, असा पवित्रा कायद्यापुढे घेणारी कंपनी खेळणी विकणाऱ्यांपुढे मात्र मुलांपर्यंत पोहोचण्यात आमचा हात धरणारे कोणी नाही, असे सांगत होती. मुलांचे नुकसान खरे आहे आणि कंपन्या साळसूद नाहीत. वाद आहे तो उपायाविषयी.

गर्दीतून मुले वेगळी काढायची तर गर्दीतल्या प्रत्येकाला थांबवावे लागते. कायद्याच्या शीर्षकात मुले असतात, अंमल मात्र मोठ्यांवर होतो. साताऱ्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना आपण पंधरा वर्षांचे नाही हे सिद्ध करावे लागते आणि त्यांच्या सुनेलाही. अडवले गेलेले मूल कागद दाखवत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसते. जमा होतात ती सगळी प्रौढांची ओळखपत्रे आणि प्रौढांचे चेहरे. ऑस्ट्रेलियात सुमारे ४७ लाख खात्यांवर कारवाई झाल्याचा आकडा जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाला आणि तो यशाचा पुरावा म्हणून जगभर छापला गेला. ती ४७ लाख खाती मुलांची, हे ठरवताना उरलेल्या किती जणांच्या वागण्याची, चेहऱ्याची, कागदांची छाननी झाली, हा प्रश्न त्या आकड्याला लागूनच विचारायला हवा होता.

दारूच्या दुकानाचा दाखला सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणून तोच घेऊ. काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे बघतो. केस पिकलेले असले तर काही विचारत नाही. शंका आली तर कार्ड बघून परत देतो. तुमची जन्मतारीख त्याच्या डोक्यात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. नंतर तुम्ही कुठे बसलात, कोणाबरोबर, किती वेळ, हे त्याला कळायला मार्ग नसतो. संगणकाला पाहून विसरणे जमत नाही, त्याचे पाहणे म्हणजेच नोंदणे. आणि ज्या खात्याशी ही नोंद जोडली जाते, त्याच खात्यात तुम्ही काय वाचता, कशावर रेंगाळता, रात्री किती वाजता जागे असता, हेही साठत असते.

महाराष्ट्रात तर हा दाखला जरा जपूनच द्यावा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे दारू प्यायला नावाचा परवाना लागतो. बीअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. हा परवाना बहुतेक पिणाऱ्यांनी डोळ्यांनीही पाहिलेला नसतो. कायदा आहे, अट आहे, नोंदवही आहे, आणि या सगळ्याला वळसा घालून रोज संध्याकाळी व्यवहार सुखाने चालू आहे. ब्रिटनमध्ये जुलैच्या त्या शुक्रवारनंतर नेमके हेच झाले. आपण दुसऱ्याच देशात बसलो आहोत असे भासवणारी व्हीपीएनची ॲप डाउनलोडच्या यादीत पहिल्या रांगेत जाऊन बसली. चेहऱ्यावरून वय ओळखणाऱ्या यंत्रणेपुढे काही पठ्ठ्यांनी 'डेथ स्ट्रँडिंग' या व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा धरला आणि यंत्रणेने त्याला प्रौढ म्हणून आत घेतले. कायदा पाळणारे सरळमार्गी लोक तेवढे चेहरा आणि पासपोर्ट देऊन बसले.

यावर दोन प्रतिवाद ठरलेले आहेत. पहिला असा, की भारतात सिमकार्ड केवायसीशिवाय मिळत नाही, बँक खाते आधारला जोडलेले आहे, मग लपायला उरलेच काय? हा प्रतिवाद वाटतो तेवढा पक्का नाही. मोबाइल कंपनीला तुम्ही कोण हे ठाऊक असते. पण बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध असल्याने तिथे जाऊन तुम्ही नेमके कोणते पान वाचले हे तिला दिसत नाही. संकेतस्थळाला पान दिसते, पण वाचणारा कोण हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. खासगीपणा आज जो काही शिल्लक आहे तो या दोन अर्धवट माहित्यांमधल्या फटीत आहे. वयपडताळणी ती फट बुजवते. दुसरा प्रतिवाद 'लपवण्यासारखे आहेच काय' हा. छोट्या तालुक्याच्या गावात गर्भपाताविषयी वाचणारी बाई, नवऱ्याची दारू कशी सुटेल म्हणून अनोळखी लोकांना विचारणारी बायको, आपल्याला मुली आवडत नाहीत हे अजून स्वतःशीही न कबूल केलेला तरुण, गावच्या पुढाऱ्याच्या विरोधात खोट्या नावाने लिहिणारा शिक्षक. यातल्या कोणीही गुन्हा केलेला नाही. त्यांना पोलिसांची भीती नसेलही, शेजाऱ्यांची असते.

माहिती फुटणार नाही, ती वय बघून लगेच पुसली जाते, असे आश्वासन प्रत्येक कायद्यात असते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या व्यासपीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कबूल केले, की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे चोरांच्या हाती गेली असावीत. ही ओळखपत्रे तिथे कशी आली होती? यंत्रणेने वय चुकीचे ठरवले म्हणून दाद मागणाऱ्यांनी ती पाठवली होती. म्हणजे नियम पाळणारे, आणि नियमाने ज्यांच्यावर अन्याय केला तेच लोक नेमके यात सापडले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. पुसण्याचे आश्वासन कंपनी देते आणि पाळायचे असते ते तिच्या कंत्राटदाराच्या कंत्राटदाराने.

याहून मोठा आणि आपल्याला जवळचा धडा दक्षिण कोरियाचा आहे. कोरियात प्रत्येक नागरिकाला तेरा आकडी निवासी नोंदणी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले सहा आकडे म्हणजे जन्मतारीखच. इतका सोयीचा क्रमांक हाताशी असताना मोह आवरणार कसा? इंटरनेटवर गलिच्छ शेरेबाजी फार झाली, तिने काहींच्या जिवावर बेतले, अशी ओरड झाल्यावर २००७ मध्ये सरकारने मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खऱ्या ओळखीची पडताळणी सक्तीची केली. वयाची खातरजमाही याच क्रमांकावर होत असे. परिणाम असा झाला, की ज्यांना या क्रमांकांशी एरवी काही कर्तव्य नव्हते अशा कंपन्यांकडे देशभराच्या ओळखींचे ढीग साचले. जुलै २०११ मध्ये सायवर्ल्ड आणि नेट या सेवांवर दरोडा पडला आणि साडेतीन कोटी लोकांची माहिती गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. २३ ऑगस्ट २०१२ रोजी कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला; शेरेबाजी त्यामुळे म्हणण्यासारखी कमी झाल्याचे दिसत नाही, हेही निकालाच्या कारणांत होते. त्याच सुमारास संकेतस्थळांना हा क्रमांक गोळा करण्याचीच बंदी झाली. पण चोरीला गेलेला क्रमांक पासवर्डसारखा बदलता येत नाही. जन्मतारीख तर मुळीच नाही.

कोरियाचा आणखी एक कायदा मुलांसाठीच होता. नोव्हेंबर २०११ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन खेळ बंद. मुलांनी काय करावे? आईवडिलांचे, आजीचे क्रमांक टाकून खेळणे चालू ठेवले. दहा वर्षे हे नाटक चालल्यावर सरकारने तो कायदा मागे घेतला. १ जानेवारी २०२२ पासून तो नाही.

ओळखपत्र नको असेल तर चेहरा द्या, असा मधला मार्ग ऑस्ट्रेलियाने काढला आहे. तिथल्या कायद्याने सरकारी ओळखपत्र हाच एकमेव पर्याय ठेवायला कंपन्यांना मनाई केली, हे त्या कायद्याच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण चेहऱ्यावरून वय म्हणजे अंदाज. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने मे २०२४ मध्ये अशा सहा प्रणाली तपासून अहवाल दिला. लिंग, वंश, छायाचित्राचा दर्जा यांप्रमाणे चुका बदलतात आणि बायकांच्या चेहऱ्यांबाबत त्या जवळजवळ नेहमीच जास्त होतात, असे त्यात आढळले. अंदाज दोन-चार वर्षांनी चुकू शकतो म्हणून कंपन्या कुंपण पुढे सरकवतात: १८ ची अट असेल तर पंचविशीचे दिसणारेच बिनबोभाट आत, बाकीच्यांनी कागद दाखवावा. म्हणजे १८ ते २५ मधले तरुण, विशेषतः चणीने लहान दिसणाऱ्या मुली, पुन्हा ओळखपत्राच्याच खिडकीपुढे.

आता घरच्या कायद्याकडे. आपल्याकडे वयपडताळणीचा स्वतंत्र कायदा नाही, पण २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये त्याचे बी आहे. १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, आणि मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात आले. नियम १० खाली दिलेली उदाहरणे मुद्दाम वाचून पाहावीत. एक मूल, एक पालक आणि एक कंपनी अशी तीन पात्रे आहेत. पहिल्या उदाहरणात मूल स्वतःहून कंपनीला सांगते की मी मूल आहे आणि हे माझे पालक. दुसऱ्यातही मूलच सांगते. तिसऱ्या-चौथ्यात पालक पुढे येऊन सांगतात. मूल खोटे बोलले तर काय, हे पाचवे उदाहरण त्यात नाही. जगातल्या समस्त मुलांचा खरेपणा गृहीत धरून लिहिलेला सरकारी कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बरे, पालक म्हणून पुढे आलेल्या व्यक्तीचे काय तपासायचे? ती ओळख पटवता येण्याजोगी प्रौढ व्यक्ती आहे एवढेच. ती त्या मुलाची खरोखर आई किंवा बाप आहे का, हे तपासण्याची रीत नियमात नाही. कंपनीकडे आधीच असलेली माहिती, व्यक्तीने स्वतःहून दिलेली माहिती, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत यंत्रणेने दिलेले टोकन यावरून वय पाहायचे. थोडक्यात, कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाचा पालक होऊ शकतो. मोठा भाऊ होईल, शेजारचा दादा होईल. मुलाला फूस लावणारा नराधमही होईल. संमती द्यायला त्याच्याइतका उत्सुक दुसरा कोण असेल?

तेव्हा दोनच शक्यता उरतात. मुले 'मी मूल आहे' असे सांगणारच नाहीत आणि नियम कागदावर राहील. किंवा मुलांविषयीचे कर्तव्य मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची जी तरतूद आहे तिच्या धाकाने कंपन्या मुलांच्या शब्दावर विसंबणार नाहीत आणि येणाऱ्या प्रत्येकाला कागद मागतील. दुसरी शक्यता मला अधिक खरी वाटते, कारण वापरकर्त्यांची जास्तीची माहिती गोळा करायला कायद्याचेच निमित्त मिळणे कोणत्या कंपनीला नको आहे? त्यातून याच कायद्याचे कलम ३६ केंद्र सरकारला कायद्याच्या उद्दिष्टांसाठी कोणत्याही कंपनीकडून माहिती मागवण्याची मुभा देते, आणि कलम १७ सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून कायद्यातून वगळण्याची. कंपनीच्या तिजोरीची एक किल्ली सरकारकडे, आणि सरकारला जाब विचारणारे कलमच वगळण्याची सोय.

१८ या आकड्याविषयी थोडे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा १३ वर लक्ष्मणरेषा आखतो. युरोपची माहिती-संरक्षण संहिता १६ सांगते आणि सदस्य देशांना १३ पर्यंत खाली यायची मोकळीक देते. आपल्याकडे सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या छोट्या दुचाकीचा परवाना मिळतो, आणि घोर गुन्ह्यात सोळा वर्षांच्या मुलावर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रौढासारखा खटला चालू शकतो. म्हणजे तुरुंगापुरती समज आली, चर्चामंचावर खाते उघडण्यापुरती नाही. रुग्णालये, शाळा यांना नियमांनी काही सूट दिली आहे, हे खरे. पण घरातच ज्याचा जाच आहे अशा सतरा वर्षांच्या मुलीला कुठल्या साध्या मंचावर समवयस्कांशी बोलायचे असेल, तर परवानगी मागायची ती जाच करणाऱ्याकडेच.

मराठी माणसाशी या विषयावर वाद घातला की तो फिरून १८९१ वर येतो. संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये म्हणाले, आणि काळाने कौल दिला तो आगरकरांना. खासगीपणाच्या नावाने तुम्ही आज टिळकांचीच चूक करता आहात, असा हा टोला असतो. टोला बसतो खरा, पण चुकीच्या गालावर. कलकत्त्याच्या फुलमणीचा अवघ्या दहा-अकराव्या वर्षी नवऱ्याच्या अत्याचाराने मृत्यू झाला, त्या पार्श्वभूमीवर आलेल्या त्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ केले. त्याने बोट रोखले ते इजा करणाऱ्यावर. प्रत्येक वाड्याच्या दिंडीदरवाज्यात शिपाई बसवून आत-बाहेर करणाऱ्या सगळ्यांचे वय लिहून घेण्याची तरतूद त्यात नव्हती. आगरकरांची बाजू म्हणजे दुबळ्याला इजा करणाऱ्याला, मग तो घरचा कर्ता का असेना, जाब विचारण्याची बाजू. आजच्या कायद्यांत जाब कोणाला विचारला जातो? मुलाला रात्री दोनपर्यंत जागवणारी यंत्रणा जिने बांधली ती कंपनी दारावर ओळखपत्र तपासून मोकळी होते आणि आतली यंत्रणा होती तशीच चालू राहते. व्यक्तिस्वातंत्र्यावर आयुष्यभर लिहिणाऱ्या आगरकरांना या कायद्यांच्या बाजूने साक्षीला बोलावणे फार धाडसाचे आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत तगडा मल्ल अजून आखाड्यात उतरायचा आहे. तो म्हणतो, तुमचे सगळे आक्षेप जुन्या तंत्रावरचे आहेत. आता नाव, चेहरा, जन्मतारीख यांतले काहीही न सांगता 'ही व्यक्ती १८ वर्षांवरची आहे' एवढेच गणिताने सिद्ध करता येते. पुरावा देणाऱ्याला तुम्ही कुठे गेलात ते कळत नाही, आणि संकेतस्थळाला तुम्ही कोण ते कळत नाही. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये अशा ॲपचा नमुना मांडला. आधारच्या नव्या ॲपमध्येही हवी तेवढीच माहिती दाखवण्याची सोय आहे. हे गणित खरे आहे आणि त्याच्याशी माझे भांडण नाही. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने २०२२ मध्ये तेव्हाच्या पद्धती तपासून विश्वासार्हता, सर्वांना उपलब्धता आणि खासगीपणा हे तिन्ही गुण एकत्र असलेली एकही पद्धत सापडत नाही असे म्हटले होते. त्यानंतर तंत्र पुढे गेले आहे, हे मान्य.

पण आपला कायदा हे तंत्र सक्तीचे करत नाही. तो पर्यायांपैकी एक म्हणून टोकनचा उल्लेख करतो आणि निवड कंपनीवर सोपवतो. दुसरे असे, की हे तंत्र एक माणूस, एक मोबाइल असे जग गृहीत धरते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असे सांगणाऱ्या भारतीय स्त्रिया सुमारे ५४ टक्के होत्या. बाकीच्यांतल्या अनेक जणी नवऱ्याच्या, मुलाच्या, सासूच्या मोबाइलवर. त्या मोबाइलवर वयाचा दाखला कोणाचा असेल? घरातल्या पुरुषाचा. मग त्याच दाखल्यावर घरातले मूलही आत जाईल आणि बाईचे प्रत्येक वाचन त्याच्या नावावर चढेल. तिसरे, आणि मला सर्वांत काळजीचे वाटते ते: विचारणे जितके सोपे आणि स्वस्त होते तितके ते जास्त ठिकाणी विचारले जाते. टेक्सासने अश्लील संकेतस्थळांपुरता कायदा केला. तो २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध ३ मतांनी टिकला. तो निकाल येण्याआधीच राज्याने ॲप स्टोअरमध्ये खाते उघडणाऱ्या प्रत्येकाचे वय पडताळण्याचा दुसरा कायदा मंजूर केला होता. डिसेंबरात संघीय न्यायाधीशाने तो रोखला, ही गोष्ट वेगळी. अश्लील मजकुराच्या दाराशी बसवलेला शिपाई दोन-तीन वर्षांत बाजाराच्या वेशीवर येऊन बसतो.

खंडन झाले, मग मुलांचे काय करायचे, याचे उत्तर देणे मला भाग आहे.

ते त्याच कलम ९ मध्ये आहे. त्याचे तिसरे पोटकलम सांगते, की मुलांचा माग काढू नये, त्यांच्या वागणुकीवर पाळत ठेवू नये, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करू नयेत. उत्तम. पण हे संरक्षण फक्त मुलांना दिल्यामुळे मूल कोण, हे ठरवणे ओघानेच आले आणि तिथून ओळखपत्रांचा सगळा सोहळा सुरू झाला. तेच संरक्षण सर्वांना द्या. कोणाचाच माग काढायचा नाही, कोणावरच नेम धरून जाहिरात करायची नाही. मग कोणाचे वय किती, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती, न संपणारी पाने, मध्यरात्रीच्या सूचना, अनोळखी माणसांचे थेट निरोप हे सगळे मुळात बंद ठेवावे. ज्याला हवे त्याने चालू करून घ्यावे. साठीच्या माणसालाही याचा तोटा नाही. फुकट सेवा मग चालणार कशा, असे कंपन्या विचारतील. मजकूर पाहून जाहिरात लावावी, वाचक पाहून नव्हे. वृत्तपत्रे शंभर-सव्वाशे वर्षे तशीच चालली. नफा कमी होईल, हे खरे आहे, आणि कायद्याचा भार कोणावर तरी पडणार असेल तर तो तिथेच पडावा.

अश्लील मजकुराचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. तिथे पहारा मोबाइलमध्ये असावा. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेला आणि जानेवारी २०२७ पासून लागू होणारा कायदा असाच आहे: फोन सुरू करून देताना पालकाने मुलाचे वय भरायचे, कुठलाही कागद दाखवायचा नाही, आणि फोनने ॲपला फक्त वयोगट कळवायचा. तो खुंटा बळकट आहे का? नाही. हुशार मूल तो उपटेल. पण व्हीपीएनने ब्रिटनचा खुंटाही उपटलाच, आणि तिथे वर लोकांचे पासपोर्टही गेले. गळके दोन्हीही, एकातून फक्त मुले निसटतात, दुसऱ्यातून मोठ्यांची ओळखही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहायचे. मुले अभ्यासाला बसायची, मोठे घराघरांत जाऊन बसवायचे. तीन हजारांच्या गावात जमले ते पुण्या-मुंबईत जमणार नाही, आणि गावाच्या नजरेचाही एक जाच असतो, हे मला ठाऊक आहे. पण भोंग्याने कोणाचे आधार मागितले नाही, आणि बंद मोठ्यांनाही लागू होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्यावर बंधन घालण्याची कसोटीही दिली: कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. वयपडताळणी पहिल्या दोन पायऱ्या सहज चढते आणि तिसरीवर अडखळते, कारण कमी घुसखोरीचा उपाय कलम ९ च्याच तिसऱ्या पोटकलमात पडून आहे.

गोव्यात विधेयक आलेच, तर तिथल्या आमदारांनी मांडवीच्या काठी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. वय तपासणार कोण, कंपनी की तिचा कंत्राटदार? तो कंत्राटदार कोणत्या देशात? 'माहिती पुसली' याची तपासणी कोण आणि कधी करणार? चेहऱ्याने चूक ठरवलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने दाद कुठे मागायची, आणि त्या अर्जाला जोडलेला कागद किती दिवसांत नष्ट होणार? पर्यटनावर जगणाऱ्या राज्यात बाहेरून आलेल्याच्या मोबाइलला कायदा लागू कसा करणार? केंद्राच्या कायद्यातल्या मुलांविषयीच्या तरतुदी मे २०२७ मध्ये अमलात येतील. तोवर कलम ९ च्या तिसऱ्या पोटकलमाची व्याप्ती सर्व वापरकर्त्यांपर्यंत वाढवणारी दुरुस्ती संसदेत मांडायला पुरेशी अधिवेशने शिल्लक आहेत.